मधे उभी न राहणारी बाई

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका कारखान्यात बावीस वर्षं बेअरिंग ऐकत होते. ऐकत होते असंच म्हणावं लागतं, कारण कामच ते होतं. फिरत्या दांड्यावर बेअरिंग चढवायचं, त्याला बारीक सळईचं एक टोक टेकवायचं आणि दुसरं टोक कानाशी धरायचं. आत एखादा कण अडकला असेल, एखाद्या गोळीला चरा पडला असेल, तर तो सळईतून कळतो. चांगला नग उजव्या ट्रेमध्ये, वाईट डाव्यात. तपासणीची यंत्रं होती, पण यंत्रानं पास केलेला मालसुद्धा शेवटी भावोजींच्या टेबलावरून जायचा आणि पुढं पंपांत, पंख्यांत, लिफ्टमध्ये बसायचा. सळई ते नेहमी उजव्या कानाला लावत. ही गोष्ट त्या उजव्या कानाची आहे, हे मी आत्ताच सांगून टाकते. आम्हाला ते फार उशिरा कळलं आणि तोवर मी त्यांची इतकी टर उडवली होती, की आजही आठवलं तर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी शिवणकाम करते. खालच्या मजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत माझं मशीन, आणि बरोबर माझ्या डोक्यावर ताईचं घर. त्यामुळे वर कोणती वस्तू कुठून कुठं सरकली हे मला छताकडे न बघताही कळतं.

भावोजी म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. त्यांच्या लग्नाच्या फोटोत आमच्याकडचे सात जण डावीकडे उभे राहिले आणि त्यांच्याकडचे सहाच उजवीकडे. तर या गृहस्थानं भर मांडवात फोटो थांबवला आणि दारावरच्या वॉचमनला बोलावून उजवीकडे उभं केलं. तो फोटो अजून ताईच्या घरात आहे. वॉचमन सगळ्यांत छान हसलाय. घरात डावी चप्पल डावीकडे, उजवी उजवीकडे हे तर झालंच, पण चष्मा पुसायचं फडकंसुद्धा दोन भागांत वाटलेलं, एक कोपरा या काचेचा, एक त्या. ताई सुरुवातीला चिडायची, मग तिनं हात टेकले.

या माणसाचा एकच शौक होता. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला आणि त्याची एवढीशी खोली रिकामी झाली, तिथं त्यांनी गाणी ऐकायचा संच मांडला. भिंतीशी दोन खोके, म्हणजे स्पीकर, समोर एक जड लाकडी खुर्ची. दोन्ही खोक्यांतून सारखाच आवाज आला आणि आपण दोघांपासून सारख्याच अंतरावर बसलो, की गाणारी व्यक्ती खोक्यांत न राहता मधल्या रिकाम्या भिंतीपुढं येऊन उभी राहते. असं ते म्हणत. मी कधी बसून बघितलं नव्हतं. त्यांची एक ठरलेली तबकडी होती, एकच बाई, मागं फक्त एक तंतुवाद्य. रोज कामावरून आल्यावर हात-पाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि त्या बाईंना भेटायला जायचं. "आमच्याकडे दुसरी बाई आहे," ताई सगळ्यांना सांगायची, "पण ती बरोबर मधे उभी राहते, इकडेतिकडे बघत नाही, म्हणून मी चालवून घेते."

मग एका वर्षी घराला रंग दिला. सामान बाहेर गेलं, परत आत आलं आणि या धांदलीत भावोजींचा पोलादी टेप गायब झाला. ते खाली माझ्याकडे आले. "धाकटे, एखादी मापाची पट्टी आहे का जादाची?" मी मशीनवरून मान वर न करता खुंटीवरची जुनी पट्टी काढून दिली. तेवढाच माझा या प्रकरणातला सहभाग, असं मी पुढचे पाच महिने समजत होते.

त्या संध्याकाळी बाई मधे उभी राहिली नाही. डावीकडे सरकली. फार नाही, वीतभर.

आधी भावोजींनी तारा बदलून पाहिल्या. डावी तार उजव्या खोक्याला, उजवी डाव्याला. तारेत किंवा यंत्रात खोट असती तर बाई आता उजवीकडे जायला हवी होती. ती डावीकडेच. मग खोक्यांची अदलाबदल केली. माझ्या डोक्यावर दोनदा धाड-धाड झालं. बाई डावीकडेच. म्हणजे खोकीही निर्दोष. मग संशय खोलीवर गेला. भिंतीवरून आवाज परततो, दोन बाजू सारख्या नसल्या तर एकीकडचा जास्त परततो, वगैरे वगैरे. डावीकडचं कपाट बाहेरच्या खोलीत आलं. उजव्या खिडकीचा पडदा जाड हवा म्हणून मी शिवून दिला, मग डावीकडे खिडकी नसतानाही नुसत्या भिंतीवर तसलाच पडदा हवा म्हणून तोही शिवून दिला. ताईचा आरसा उतरला. सतरंजी अंथरली, मग काढली, मग उलटी अंथरली. रंगाऱ्याला बोलावून त्यांनी विचारलं, की उजव्या भिंतीला काही वेगळं मिसळलं होतं का. रंगारी बिचारा घाबरला. त्याला वाटलं पोपडे आले.

"अहो, डावा-उजवा आवाज कमीजास्त करायचं ते मधलं बटण थोडं उजवीकडे फिरवा ना, येईल ती मधे," ताई एकदा म्हणाली.

"ते म्हणजे तराजूच्या पारड्याला खालून बोट लावणं झालं," भावोजी म्हणाले आणि विषय संपला.

मी तर सुटलेच होते. जिन्यात भेटले की, "काय हो भावोजी, बाईंची कंबर धरली का? एकीकडे कलतायत म्हणून विचारते." किंवा, "दुसऱ्या कुणाबरोबर सूत जमलं असेल हो त्यांचं, डावीकडच्या बिऱ्हाडात कोण राहतं?" पूर्वी अशा चेष्टेला ते लगेच उलट टोला द्यायचे. मेव्हणीचं ऐकून घेतील तर ते भावोजी कसले! पण या वेळी नुसतं हसायचे, तेही उशिरा. मला वाटलं, वय झालं.

खरी गोष्ट अशी होती, की रंग दिला त्याच महिन्यात कारखान्यात एक बेअरिंग परत आलं होतं. भावोजींनी पास केलेलं, गिऱ्हाइकाकडे पंपात बसलेलं, आणि तिथं खरखरायला लागलेलं. वर्षाकाठी असा एखादा नग यायचाच, कुणी फार मनावर घेत नसे. पण इकडे घरात बाई डावीकडे सरकलेली, तारा बदलून डावीकडे, खोकी बदलून डावीकडे, आणि तिकडे हे बेअरिंग. भावोजींनी दोन आणि दोन चार केले. सगळं सरळ आहे आणि तरी आवाज डावीकडे जास्त येतो, म्हणजे उजव्या कानाला कमी ऐकू येतंय. ज्या कानाला सळई लावतो त्याच कानाला. ते कुणालाच बोलले नाहीत, ताईलासुद्धा नाही. बोलतील तर शपथ.

मला हे कळलं ते एका शनिवारी दुपारी. ताईनं त्यांचा कामावरचा शर्ट खाली टाकला होता, खिशाचा कोपरा उसवला म्हणून. शिवायच्या आधी खिसे बघायची माझी पद्धत आहे. एकदा एकाचं पेन मशीनखाली आलं होतं तेव्हापासूनची. खिशात चार घड्या घातलेला कागद होता. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मलाही कळतं, पण वरच "अर्ज" असं लिहिलेलं दिसलं आणि मी उलगडला.

साहेबांना लिहिलं होतं. "माझ्या उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले आहे असा माझा समज झाला आहे. तरी मला ऐकण्याच्या टेबलावरून काढून पॅकिंगला घ्यावे. गेले पाच महिने मी प्रत्येक नग आधी उजव्या व मग डाव्या कानाने असा दोनदा ऐकून पास केला आहे. त्यामुळे माझे काम मागे पडले व मला मेमो मिळाला, तो योग्यच होता. या काळात माझ्या टेबलावरून एकही संशयित नग गेलेला नाही. तरी काळजी नसावी." खाली सही. तारीख येत्या सोमवारची.

मला पहिल्यांदा राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. त्यांचा, की पाच महिने मूग गिळून बसले. ताईचा, की एकाच घरात राहून हिला कळलं नाही. आणि माझा तर होताच. राग आला की माझे हात आपोआप शिवायला लागतात. मी पत्र परत खिशात घातलं आणि खिशाचं तोंडच शिवून टाकलं. बारीक टाका, दुहेरी शिवण. दुसरं पत्र लिहायला त्यांना पाच मिनिटंसुद्धा लागली नसती हे मला कळत होतं. तरी शिवलं.

शर्ट हातात घेऊनच मी वर गेले. ताई स्वयंपाकघरात होती. भावोजी त्या खोलीत खुर्चीवर बसले होते, संच बंद. मी शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी खिसा बघितला, शिवण चाचपली, आतला कागद कुरकुरला. माझ्याकडे बघितलं.

"ताईला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगू."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"जाईन ना. एकदा गेलो की मग झालंच ते." मग शर्टाची घडी घालत म्हणाले, "साहेबांना माझ्याकडून कळावं, डॉक्टरांच्या कागदावरून नको, एवढंच."

मी बाजूची वही उचलली. संचाच्या दुरुस्तीची वही. प्रत्येक ओळ वेगळी, पुढं तारीख, पुढं बरोबरची खूण. तारा. खोकी. कपाट. पडदा. आरसा. सतरंजी. रंग. सगळ्यांना खुणा होत्या. शेवटची ओळ होती "खुर्ची उलटी", आणि तिच्यापुढं काहीच नव्हतं. ओळ लिहिल्याची तारीख मात्र तीन महिन्यांपूर्वीची होती.

"हे काय?"

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. मग सांगितलं. खोक्यांकडे पाठ करून बसायचं. खोट खोलीत असेल तर बाई होती तिथंच राहणार, पण आपण फिरल्यामुळे ती आता उजव्या हाताला ऐकू येणार. खोट कानात असेल तर काहीही करा, ती डाव्याच कानाकडे राहणार.

"एवढं सोपं? मग बसा की."

"बसेन."

"कधी?"

"आधी एकदा माप घेऊन बघू," असं म्हणून ते उठले. तीन महिने हा माणूस हेच करत होता, हे मला तेव्हा समजलं.

खुंटीवरून त्यांनी पट्टी काढली. माझीच पट्टी. तिच्या एका टोकाला त्यांनी निळा दोरा गुंडाळला होता, दुसऱ्याला पिवळा. निळं टोक डाव्या खोक्याच्या कडेला लावलं, पट्टी खुर्चीच्या पाठीपर्यंत ताणली आणि वाचलं, "छप्पन." मग पट्टी न गुंडाळता पिवळं टोक उजव्या खोक्याला लावलं, पट्टी उलटी झाली, तिकडूनही खुर्चीपर्यंत आणली. "छप्पन. बघ. पाच महिने छप्पन-छप्पन."

"दोन टोकं कशाला?"

"डावं टोक डावीकडे, उजवं टोक उजवीकडे. म्हणजे दर वेळी माप अगदी त्याच पद्धतीनं घेतलं जातं. गल्लत नको."

मी त्यांच्या हातातून पट्टी ओढली आणि निळा दोरा सोडायला लागले. घट्ट बांधला होता, शेवटी दातांनी तोडला. दोऱ्याखाली पट्टीचा काठ सरळ कापलेला होता आणि पहिला दिसणारा आकडा होता तीन.

शिवणाऱ्यांच्या पट्टीला दोन बाजू असतात. एका बाजूचे आकडे या टोकाकडून सुरू होतात, दुसऱ्या बाजूचे त्या टोकाकडून. माझ्या त्या पट्टीच्या एका टोकाची पत्री निघाली होती, कापड विरलं होतं, म्हणून मी दोन इंच कापून टाकले होते. माझं त्यानं काहीच अडत नव्हतं. मी त्या बाजूनं मोजताना दोन इंच मनातच वजा करायची. हाताला इतकी सवय, की ती पट्टी दुसऱ्याला देताना ते सांगायला हवं हे डोक्यातसुद्धा आलं नाही. पट्टीवर छप्पन दिसत होतं तेव्हा डावं खोकं खरं चोपन्नावर होतं. दोन इंच जवळ. आणि जे खोकं जवळ, तिकडेच बाई सरकणार.

"भावोजी," मी म्हणाले, "तुमचा कान नाही हो. माझी पट्टी."

मी त्यांना कापलेला काठ दाखवला. कणभर कचरा सळईतून ऐकणाऱ्या माणसाला पट्टीचे पहिले दोन आकडेच नाहीत हे दिसलं नव्हतं, कारण त्यांनी स्वतःच्याच शिस्तीचा दोरा त्यावर बांधला होता. त्यांनी पट्टी दारावर दोन्ही बाजूंनी लावून बघितली. दोन इंचांचा फरक. परत बघितली. मला वाटलं आता उड्या मारतील. पण ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "असूही शकतं, की पट्टीपण आणि कानपण."

"म्हणून तर म्हणते, बसा उलटे."

"उद्या बसतो."

"उद्या नाही, आत्ता. नाहीतर मी ताईला हाक मारते आणि सगळं सांगते."

हाक मारायची गरजच पडली नाही. आमचे आवाज ऐकून ताई हात पुसत आली. "काय चाललंय दोघांचं?"

"खुर्ची उलटी करतोय," मी म्हणाले. ताईला या घरात कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं. तिनं एक बाजू धरली, मी दुसरी, आणि आम्ही ती जड खुर्ची फिरवली. खोकी होती तिथंच ठेवली. भावोजी पाठ करून बसले आणि डोळे मिटले. मी तबकडी लावली.

बाईंनी सूर लावला. बराच वेळ भावोजी हलले नाहीत. ताई मला खुणेनं विचारत होती, काय, काय. मी देवाला कधी फारसं काही मागत नाही, पण तेव्हा मागितलं. मग त्यांचा हात वर आला. हळूहळू आला. उजवा हात. त्यांनी बोट उजवीकडे दाखवलं.

"तिकडे आहे ती," ते म्हणाले. "उजवीकडे आहे." आणि रडायला लागले.

ताई घाबरली. "अहो, काय झालं? तू काही बोललीस का त्यांना?" मग सगळं सांगावं लागलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, गाणं बंद केलं आणि म्हणाली, "पाच महिने या घरात माझ्याशी कोण बोलत होतं मग?" नंतर दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं.

त्याच संध्याकाळी एका साध्या सुतळीनं अंतर मोजलं आणि डावं खोकं दोन इंच मागं गेलं. भावोजींनी मला पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसवलं. समोर नुसती भिंत होती, नवीन रंगाची, आणि बाई तिच्यापुढं मधोमध उभी राहून गात होती. श्वास घेतलेला कळत होता. मी इतक्या बाष्कळ गप्पा मारल्या होत्या तिच्यावरून.

"माफ करा हो मला," मी म्हणाले.

"पट्टीला कशाला दोष? मी एकच टोक वापरायला हवं होतं," ते म्हणाले.

सोमवारी ते तो शर्ट घालून कामावर गेले, शिवलेल्या खिशासकट. मी उसवून देते म्हटलं तर नको म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी आपणहून कान तपासून घेतले. दोन्ही सारखे, वयाच्या मानानं उत्तम. टेबलावर त्यांचं काम पूर्वीसारखं सुरू झालं, एका कानानं. माझी चेष्टाही सुरू झाली आणि त्यांचे उलटे टोलेही. तो शर्ट दोनदा कोपरात विरला, दोन्ही वेळा मी ठिगळ लावलं, आणि दोन्ही वेळा खिशाला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद मिळाली. मला वाटायचं, गंमत म्हणून ठेवलाय.

पाच वर्षांनी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी वर घरी न जाता आधी माझ्याकडे आले, शर्ट काढून मशीनवर ठेवला आणि बनियनवरच स्टुलावर बसले. "आता उसव," म्हणाले.

मी ब्लेडनं एकेक टाका काढला. आत कागदाचा वाळलेला लगदा होता, धुऊन धुऊन गोळा झालेला. उलगडायला गेले तर तुकडे पडले. एक अक्षर शिल्लक नव्हतं.

"गेलं हो सगळं, वाचता येत नाही. इतकी वर्षं कशाला बाळगलंत हे?"

"त्या वेळी पट्टी निघाली म्हणून बरं," भावोजी म्हणाले. "पण कान कधीतरी जाणारच होता, नाही का? ज्या दिवशी खरंच जाईल त्या दिवशी परत माझे पाय लटपटायला नकोत. अर्ज खिशात तयारच असावा, असं म्हटलं."

"पण त्याचा तर लगदा झालाय."

"पाठ आहे मला."

आणि त्यांनी तिथंच स्टुलावर बसून तो म्हणून दाखवला, साहेबांपासून सहीपर्यंत, एकही शब्द न चुकता. "एकही संशयित नग गेलेला नाही. तरी काळजी नसावी." मग लगदा उचलून माझ्या चिंध्यांच्या टोपलीत टाकला, मोकळा झालेला खिसा एकदा हातानं सारखा केला, शर्ट अंगात घातला आणि वर बाईंचं गाणं ऐकायला गेले.